छातीचं माप

कुणीतरी कागदावर लिहिलेला १
कुणीतरी टाइप करताना ९ वाचला.
एवढंच झालं.
साकीनाक्याच्या गॅसवाल्याचा नंबर
भांडुपला टेंभीपाड्यात आला,
माझ्या शिलाई मशीनवरच्या फोनमध्ये.

पहिला फोन रात्री पावणेदोनला.
"ऑक्सिजनवाल्या ताई ना?"
मी म्हटलं, मी ब्लाउज शिवते.
पलीकडे शांतता.
मग म्हणाला, "पण मेसेजमध्ये लिहिलंय,
आत्ताच बोलून खात्री केली आहे."

माझ्याशी कोण बोललं होतं?
दिवसभरात फक्त दूधवाला,
तोही मास्कातून, सुट्ट्या पैशांबद्दल.

पहाटेपर्यंत तेवीस फोन.
नालासोपारा, गोवंडी, कळवा,
एक बाई तर थेट नाशिकहून.
कुणी रडलं, कुणी भाव विचारला,
कुणी न विचारताच दुप्पट देतो म्हणालं.
एकजण म्हणाला, "तुम्ही दडवून ठेवलाय,
पाप लागेल."

तो मेसेज मी मागवून घेतला.
वर तिरंगा, खाली जोडलेले हात,
मध्ये हिरवी बरोबरची खूण,
आणि माझा नंबर, इतका नीटनेटका
की क्षणभर मलाच वाटलं,
माळ्यावर असेल एखादा सिलिंडर.

"हा नंबर चुकीचा आहे" असं लिहून
चौदा ग्रुपांवर टाकलं.
दोन अंगठे आले.
त्याखाली लगेच कुणीतरी
पुन्हा तोच मेसेज चिकटवला,
गरजूंपर्यंत पोचवा म्हणून.

नवाच्या जागी एक घालून मीच फोन लावला.
अठराव्यांदा लागला.
"परवाच संपला, बाई,"
एवढं बोलून तो माणूस खोकत राहिला.

फोन बंद करून ठेवणार होते.
नाही ठेवला.
मापाची वही ओढली.
जो फोन करील त्याला विचारू लागले,
कुठून, कोण, किती आहे.
रकाने आधीचेच आखलेले:
उंची, छाती, कंबर, बाही.
मी आकडे छातीखाली लिहिले.
अठ्ठ्याऐंशी. एक्क्याऐंशी.
चौऱ्याहत्तर, वडील, बोरिवली.

मुंब्र्याच्या तौसीफने उलट फोन केला,
"ताई, मला मिळाला, पत्ता लिहून घ्या."
तो पत्ता मी अकराजणांना दिला.
संध्याकाळी सातपर्यंत तो खरा होता.
सात ते नऊ मीही खोटंच सांगत होते,
कारण मला कुणी कळवलं नव्हतं.

इथवर सांगितलं तर मी चांगली दिसते.
म्हणून हेही लिहिते.
त्याच्या महिनाभर आधी मी स्वतः
एक्केचाळीसजणांना पाठवलं होतं,
कापूर, ओवा, लवंग पुरचुंडीत बांधून हुंगा,
ऑक्सिजन वाढतो.
मला ते मावसबहिणीकडून आलेलं,
तिला कुठल्याशा डॉक्टरच्या नावाने.
धाकटे दीर दिगंबर,
त्यांनी पुरचुंडी चार दिवस उशाशी ठेवली.
पाचव्या दिवशी बोटाला मशीन लावलं.

"वहिनी, बरं वाटतंय"
हे त्यांचं उत्तर अजून आहे.
वरती माझा मेसेजही आहे.
सगळ्यांसाठी पुसून टाकायची मुदत
केव्हाच उलटली.
जाऊबाई बोलतात माझ्याशी,
तो विषय सोडून.

वहीची ती नऊ पानं मी फाडली नाहीत.
दहाव्यापासून पुन्हा ब्लाउज.
परवा एक मुलगी आली, लग्नाचे शिवायला.
टेप छातीभोवती घेतला
तर तिने श्वास धरून ठेवला.
सगळ्याच धरतात.
"धरू नको गं," म्हटलं, "नेहमीसारखा घे."
आणि आकडा लिहायच्या आधी
दोनदा मोजला.